उजवीकडे जायचे? मग डावीकडे वळा!

ताथवड्याला बिऱ्हाड हलविल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचे मी दोन वर्ग केले आहेत. पहिला वर्ग दारात येऊन घंटी वाजवितो. दुसरा वर्ग फोन करून विचारतो, "अहो, तुमची इमारत समोर दिसतेय, पण यायचं कुठून?" हा दुसरा वर्ग मोठा आहे, आणि त्यात चाळीस-चाळीस वर्षे मोटार चालविलेली मंडळी आहेत.

त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. कोथरूडकडून किंवा साताऱ्याकडून येताना आमची इमारत हायवेच्या उजव्या हाताला लागते. सज्जात वाळत घातलेली धोतरे-साड्या गाडीतून मोजता येतील इतकी ती जवळ आहे. पण हायवेवर उजवीकडे वळायची सोय कोठेच नाही. डाव्या अंगाने सर्व्हिस रोडवर उतरायचे, घर मागे पडत चालले तरी मन घट्ट करून पुढे जायचे, आणि मग हायवेच्या पोटाखालच्या अंडरपासमधून पलीकडे निघायचे. उजवीकडे जायचे, म्हणून डावीकडे वळायचे! ज्यांचा जन्म टिळक रोड आणि लक्ष्मी रोडवर गेला त्यांना ही गोष्ट फोनवरून समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडतो.

ताथवडे हे एकेकाळी हायवेवरून जाताना कुणाच्या लक्षातही न येणारे गाव. नृसिंहाचे देऊळ, सरकारी वळू-माता प्रक्षेत्राची कुरणे आणि भोवताली शेती. २००९ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत येथे इतके मजले चढले की जुन्या गावकऱ्याला आपलाच डोंगर दिसेनासा झाला. एका अंगाला हिंजवडीची संगणक-नगरी, दुसऱ्या अंगाला काही किलोमीटरवर किवळे. मुंबईहून येणारा द्रुतगती महामार्ग तेथे संपतो. मधून मुंबई-बंगळूर महामार्ग वाहतो. त्याचा क्रमांक पूर्वी ४ होता, आता ४८ आहे. जुन्या लोकांच्या तोंडी मात्र तो अजून 'बायपास'च आहे. थोडक्यात, आम्ही रस्त्याच्या काठी राहतो. नदीकाठच्या माणसाला जसे पोहता यावे लागते, तसे आम्हांला हायवेवर चढता-उतरता यावे लागते. माझी उभी हयात भोसरीच्या एका कारखान्यात यंत्रांच्या संगतीत गेली. तेव्हा कोणतीही रचना दिसली की ती अशी का केली, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. त्या खोडीतून जे हाती लागले ते यंदा वाचकांपुढे ठेवतो. दिवाळीत निम्मे शहर बहिणीकडे, भावाकडे आणि सासुरवाडीला मोटारीने निघते. त्यांतल्या कुणाला उपयोग झाला तर बरेच.

आधी आपला जुना चौक पाहू. चौकाला आपण उठता-बसता नावे ठेवतो, पण त्याचा एक मोठा गुण होता. चौकात माणूस थांबत असे. थांबला की त्याला समोरच्याचा डोळा दिसे, हात दिसे, "आधी तुम्ही" किंवा "आधी मी" हे नजरेने ठरे. वाट चुकलेला असला तर पानवाल्याला विचारता येई, आणि पानवाला एक विचारले तर तीन रस्ते सांगे. चुकीच्या बाजूला वळला तरी पुढच्या गल्लीतून परत येई.

पण रस्ते बांधणारे इंजिनियर चौकाकडे निराळ्या दृष्टीने पाहतात. चार रस्ते मिळणाऱ्या साध्या चौकाचा नकाशा घेऊन ते त्यावर सगळ्या गाड्यांचे मार्ग रेखतात आणि टक्कर होण्याजोगी ठिकाणे मोजतात. ती भरतात ३२. त्यांपैकी १६ ठिकाणी एकाचा मार्ग दुसऱ्याला आडवा छेदतो. ८ ठिकाणी दोन प्रवाह एकमेकांत मिसळतात. उरलेल्या ८ ठिकाणी एका प्रवाहाचे दोन होतात. प्राणघातक अपघात पहिल्या सोळांत अधिक, कारण तेथे एकाचे तोंड दुसऱ्याच्या बरगडीत घुसते. मग उपाय असा की एक रस्ता उचलून दुसऱ्याच्या डोक्यावरून न्यायचा. वरचा वर, खालचा खाली. आडवे छेदणे संपले. या दोहोंना जोडणारे जे वळणदार चढ-उतार, त्यांना सगळे लोक रॅम्प म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पूल बांधल्याने सोळा ठिकाणे नाहीशी होतात, ही गोष्ट उद्घाटनाच्या भाषणांत नेहमी येते. मिसळणे आणि फुटणे ही दोन कामे मात्र तशीच उरतात, हे कुणी फारसे सांगत नाही. किंबहुना ती पूर्वी दहा-वीसच्या वेगाने होत, आता साठ-ऐंशीच्या वेगाने होतात. ती पार पाडायला तेथे पोलीस नसतो, दिवाही नसतो. तेथे फक्त तुम्ही असता, आणि मागून येणारा असतो.

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत मेरिलँड संस्थानातल्या आर्थर हेल नावाच्या गृहस्थांनी २९ फेब्रुवारी १९१६ रोजी एका रचनेचे पेटंट मिळविले. दोन रस्ते एकावर एक, आणि चार कोपऱ्यांत चार गोल पाकळ्या. वरून पाहिले तर आपल्या अंगणातली चार पाकळ्यांची रांगोळीच. उजवीकडे जायचे असेल तर आपल्याकडच्या डाव्या वाहतुकीत त्याची रीत अशी: पूल ओलांडून पुढे जा, मग डाव्या पाकळीत शिरा, पाऊण वर्तुळ फिरा, की तुमचे तोंड आपोआप उजव्या रस्त्याकडे लागलेले असेल. कुणाच्याही आडवे न जाता तुम्ही उजवीकडे वळलात! अशी रांगोळी अमेरिकेत पहिल्यांदा न्यू जर्सीतल्या वुडब्रिज येथे १९२९ साली प्रत्यक्षात आली. तिच्यात एक खोटही होती. एका पाकळीतून उतरणारे आणि पुढच्या पाकळीत शिरणारे यांना एकाच तोकड्या पट्ट्यात एकमेकांना ओलांडावे लागे. वेणीचे पेड जसे एकमेकांवरून जातात तसे. गाड्या थोड्या होत्या तोवर निभावले, पुढे तेथेच गोंधळ होऊ लागला. म्हणून आता जागा आणि पैसा असेल तर निरनिराळ्या दिशांना निरनिराळे रॅम्प देतात. त्याने पेडांचा प्रश्न सुटतो, आणि माणसाला आठ वाटांतून आपली एक निवडायची पाळी येते.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईचा पहिला उड्डाणपूल केम्प्स कॉर्नरला १४ एप्रिल १९६५ रोजी खुला झाला. शिरीष पटेल या इंजिनियरांनी तो आखला होता. पिंपरी-चिंचवडकरांनी दापोडीपासून निगडीपर्यंत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचे मधले पट्टे चौकांच्या खालून-वरून नेले, आणि आत शिरायला व बाहेर पडायला ठराविक तोंडे ठेवली. नाशिक फाट्याला जे. आर. डी. टाटांच्या नावाचा दुमजली पूल उभा राहिला. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पुरा झाला. या सर्वांवर एकेक लेख होईल. पण आम्हां ताथवडेकरांना ज्या गुंत्याशी नेहमी गाठ पडते तो याच बायपासवर दक्षिणेला आहे. तो म्हणजे चांदणी चौक.

चांदणी चौकाची हकीगत पुण्याच्या लोकांना सांगायला नको, पण नागपूर-नाशिकच्या वाचकांसाठी सांगतो. मुंबई, सातारा, कोथरूड, बावधन, पाषाण, मुळशी, वारजे आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी अशा सगळ्यांच्या वाटा त्या एका खिंडीत येऊन पडत. हायवेवरून एक जुना पूल जाई. त्याच्या कमानीखाली हायवे रुंद करायला जागा नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याकडे जाताना खुद्द त्या कोंडीत सापडले, आणि जे आम्ही वर्षानुवर्षे भोगीत होतो त्याला एकदम वेग आला. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास सुमारे ६०० किलो स्फोटके लावून तो पूल उडविण्यात आला. काम त्याच मंडळींकडे होते ज्यांनी महिनाभर आधी नोएडाचे जुळे मनोरे पाडले होते. साऱ्या पुण्याने तो सोहळा दूरदर्शनच्या पडद्यावर जागून पाहिला. धुरळा बसला तेव्हा पूल सगळा पडलेला नव्हता! काँक्रीट गेले होते, पण आतल्या पोलादाने हट्ट धरला होता. मग यंत्रे लावून तो ओरबाडून काढावा लागला. त्या जुन्या बांधकाम करणाऱ्यांविषयी मला त्या रात्री फार आदर वाटला.

नवी रचना १२ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन गडकरींच्या हस्ते खुली झाली. ८६५ कोटींचा खर्च, आठ रॅम्प, सगळ्या रस्त्यांची मिळून लांबी सतरा किलोमीटरच्या घरात. कोंडी खरोखरच सुटली; जिथे अर्धा-पाऊण तास जाई तिथून आता मिनिटांत पार होतो. पण पहिले काही महिने असे झाले की कोथरूडला निघालेला माणूस मुळशीच्या वाटेला लागे, आणि मुळशीचा माणूस साताऱ्याची हवा खाऊन येई. पाट्यांबद्दल वर्तमानपत्रांत तक्रारी आल्या, थट्टाही पुष्कळ झाली.

आमच्याकडे फोनमधल्या बाईवर सर्वांचा फार विश्वास. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा," असे ती गोड आवाजात सांगते. परंतु एकावर एक रस्ते असले की त्या बाईचाही गोंधळ उडतो. आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे आहोत हे तिला उपग्रहांवरून बरेचसे कळते. पण आपण पुलावर आहोत की पुलाखाली, यात तिची पुष्कळदा फसगत होते, कारण नकाशात दोन्ही ठिकाणे एकच. आपण रॅम्पवर चढलो हे तिच्या ध्यानात येईपर्यंत रॅम्प संपलेला असतो.

म्हणून आम्ही एक उपाय केला. एका रविवारी पहाटे सहाला, रस्ता मोकळा असताना, सूनबाईंना चालवायला बसविले, मी शेजारी वही घेऊन बसलो आणि सौ. मागे चहाचा थर्मास घेऊन. सूनबाई गाडी उत्तम चालवितात, पण सगळी शिकवणी गावातली. हायवेचा सराव व्हायचा होता. आम्ही आठही रॅम्प पालथे घालायच्या भरीस पडलो नाही. आपल्याला लागणाऱ्या वाटा तीन: ताथवड्याहून कोथरूडला बहिणीकडे, तेथून परत, आणि कधीमधी पौडकडे. त्या तीनच पक्क्या केल्या. जाताना सोपे, कारण मुंबईकडून येणाऱ्याला कोथरूड डाव्या हाताला. वेळेवर डावा पट्टा धरला की झाले. परत येताना खरी परीक्षा. कोथरूडहून मुंबईच्या दिशेला लागायचे म्हणजे हायवे ओलांडून पलीकडच्या पट्ट्यांत जायचे. म्हणजेच पूर्वीचे उजवे वळण, आता रॅम्पने घातलेला वळसा. आम्ही ते तीनदा केले. पूल मोजायचे नाहीत, झाडे-दुकाने लक्षात ठेवायची नाहीत, फक्त पाटीवरचे नाव धरायचे, असे ठरले. नावही आपल्या मुक्कामाचे नव्हे, त्या दिशेच्या मोठ्या गावाचे! ताथवड्याची पाटी चांदणी चौकात कुणी लावणार नाही. आपण 'मुंबई' शोधायचे. माझ्या मते बाहेरगावचे लोक चुकतात ते याच ठिकाणी. ते 'वाकड' किंवा 'हिंजवडी' शोधीत बसतात आणि 'मुंबई' समोरून निघून जाते.

तिसऱ्या फेरीला पुढच्या गाडीने आम्हांला एक प्रात्यक्षिकच दाखविले. रस्त्याचे दोन फाटे होतात तेथे मध्ये पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेला एक त्रिकोण असतो. त्या गृहस्थांना नेमके त्रिकोणाजवळ कळले की आपला फाटा डावीकडचा होता. ते त्रिकोणात थांबले. मागचा दिवा लागला, तोही पांढरा. गाडी उलटी येऊ लागली!

सूनबाईंनी आधीच अंतर राखले होते. त्यांनी वेग हळूहळू कमी केला, लुकलुकणारे चारही दिवे लावले, आणि एवढेच म्हणाल्या, "बाबा, यांना घरी कोणी वाट पाहणारं नाही का?"

उलटे येण्याचा मान आपल्याकडे फक्त आगगाडीला होता. १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ एक उलट-फेरीचे स्टेशन होते. चढ फार खडा, वळायला जागा नाही. म्हणून गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी आल्या दिशेच्या उलट निघे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर रेल्वेने ते बंद केले. म्हणजे रेल्वेने जे शंभराच्या आसपास वर्षांपूर्वी सोडून दिले ते आमचे मोटारवाले चांदणी चौकात पुन्हा सुरू करीत आहेत, आणि तेही मागे सिग्नल नसताना. हिशेब साधा आहे. मागून येणारी गाडी ताशी ८० च्या वेगाने असेल तर ती एका सेकंदात बावीस मीटर येते. समोरची गाडी थांबलेली नसून आपल्याकडे येत आहे, हे डोळ्यांना उमगून पाय ब्रेकवर जायला दोन सेकंद धरले तर चव्वेचाळीस मीटर गेले, आणि ब्रेक अजून लागायचा आहे. याउलट, फाटा चुकला तर तोटा किती? पुढच्या बाहेर पडायच्या वाटेपर्यंत जायचे, खालून वळून परत यायचे. चार-सहा किलोमीटरचे पेट्रोल आणि मागच्या आसनावरून दोन टोमणे.

आता मिसळण्याविषयी. ही खरी कला, आणि शिकविणाऱ्या शाळांतून ती फार थोडी शिकवितात, कारण त्यांच्या गाड्या तिसऱ्या गिअरच्या वर जातच नाहीत. नवशिका माणूस रॅम्पवरून येतो, हायवेच्या कडेला पोहोचतो आणि भिऊन थांबतो. थांबला की फसला. आता त्याला शून्यातून निघून ऐंशीच्या ओघात उडी घ्यायची आहे. मला माझ्या तरुणपणची पी.एम.टी. आठवते. धावत्या बसमध्ये चढू नये हे खरेच, पण चढणारे चढत; आणि चढणारा बसच्या बरोबरीने चार पावले धावून मग दांडा धरी. जागेवर उभे राहून दांडा धरणारा तोंडघशी पडे. हायवेला मिळताना रॅम्पच्या शेवटी जो जादा पट्टा असतो तो ही चार पावले धावण्यासाठी असतो. तेथे इंडिकेटर द्यायचा, आरशात पाहायचे, मान वळवून एकदा डोळ्यांनी पाहायचे, कारण आरशात न दिसणारी जागा असतेच. वेग ओघाइतका करायचा, आणि फट दिसली की तीत अलगद शिरायचे. हक्क मात्र हायवेवर आधीपासून असलेल्याचा. त्याने वाट दिली तर तो सज्जन, नाही दिली तर आपण मागच्या फटीची वाट पाहायची. आणि पट्टा संपत आला, फट मिळाली नाही, तर वेग लवकर कमी करायचा, अगदी टोकाला जाऊन नव्हे. सूनबाईंना हे बसचे उदाहरण लगेच पटले. त्या पी.एम.टी.त कधी चढलेल्या नाहीत, पण मुंबईच्या आहेत.

आमच्या भागातली अडचण अशी की सर्व्हिस रोडवरून हायवेत शिरायची काही तोंडे फार तोकडी आहेत. चार पावले धावायलाच जागा नाही. सकाळी साडेआठला कंपन्यांच्या बसगाड्या, शाळेच्या गाड्या आणि शेकडो स्कुटरी तेथे एकाच वेळी नाक खुपसतात. अशा वेळी मी तरी अंडरपासने जाऊन पुढच्या मोठ्या तोंडाशी चढतो. दहा मिनिटे जातात, पण रक्तदाब जागेवर राहतो.

चढण्याइतकेच उतरणे अवघड, आणि यातला धोका ताथवड्याच्या शेजारीच आहे. द्रुतगती महामार्गावर सपाटीला मोटारींना १०० ची मुभा आहे. तास-दीड तास त्या वेगाची सवय झालेला माणूस किवळ्याला बाहेर पडतो तेव्हा त्याला ६० म्हणजे चालत असल्यासारखे वाटते. डोळ्यांना झालेली ही सवय मोडायला वेळ लागतो. तोवर विश्वास डोळ्यांवर नव्हे, काट्यावर ठेवावा. रॅम्पवर ४० ची पाटी असते तेव्हा ती कुणी गंमत म्हणून लावलेली नसते. एस.टी.त वळणावर आपण शेजारच्याच्या अंगावर कलंडतो, तो रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ४० चा ६० केला, म्हणजे दीडपट. रेटा होतो सव्वादोनपट. रस्त्याची बाहेरची कड थोडी उचललेली असते, तिने जो आधार मिळतो तो पाटीवरच्या वेगाच्या मानाने ठरविलेला. मोटार बुटकी असते, ती घसरते, टायर किंचाळतात, माणूस सावध होतो. उंच कंटेनरला तेवढी सूचना मिळत नाही, तो सरळ कुशीवर पडतो. म्हणून रॅम्पवर कंटेनरच्या शेजारी, त्यातही वळणाच्या बाहेरच्या अंगाला, कधी राहू नये. पुढे तरी जावे, किंवा मागे तरी राहावे. ब्रेकही वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावावा. पहिल्या पावसाने तेलकट झालेल्या काँक्रीटवर वळणाच्या मध्यात ब्रेक दाबण्याचे काय होते ते मी लिहीत नाही.

आणि उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवावी. याच बायपासवर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. डिझेल वाचविण्यासाठी काही मालमोटारवाले तेथे गाडी न्यूट्रलला टाकतात. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक म्हणजे नसलेला ब्रेक. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका मालमोटारीने मिळून ४८ गाड्यांचा चुराडा केला. तो उतार मी कधीही डाव्या पट्ट्यातून, आरशावर नजर ठेवून उतरतो, आणि पुढे वाहने तुंबलेली दिसली की लांबूनच चारही दिवे लावतो, म्हणजे मागच्याला कळते.

इतका वेळ मोटारवाल्यांविषयी लिहिले. पण या नव्या रचनांत ज्याचा विचार सगळ्यांत शेवटी झाला तो पायी चालणारा. चांदणी चौकात मोटारी सुटल्या, आणि एस.टी.तून उतरून पलीकडे जाणारी माणसे हायवेच्या मधोमध अडकली. पादचारी पुलाची मागणी मग जोर धरू लागली. हा क्रम मला उलटा वाटतो. आमच्याकडे रोज सकाळी एक भाजीवाली येते. तिचे घर हायवेच्या पलीकडे. सरळ रेषेत पाहिले तर चार मिनिटांचे अंतर. अंडरपासने फिरून यायचे तर डोक्यावरच्या पाटीसह वीस-पंचवीस मिनिटे, आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचले म्हणजे तेही बंद. ती काय करते ते सांगायला नको. मी तिला एकदा रागाने बोललो, तेव्हा ती म्हणाली, "काका, तुमची गाडी फिरून येती, त्याला पेट्रोल लागतं. माझ्या पायाला काय घालू?"

सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणाऱ्या स्कुटरवाल्यांवर आमच्या सोसायटीच्या सभेत दर महिन्याला शिव्यांचा वर्षाव होतो. मीही त्यात सामील असतो. समोरून अंधारात दिव्याशिवाय स्कुटर आली की कुणाचाही संयम सुटेल. परंतु दोनशे पावलांवरच्या दुकानात जायला तीन किलोमीटरचा वळसा घालायला लावला, तर शंभरांतले चाळीस लोक उलटे येणार, हे रचना करणाऱ्याला ठाऊक असायला हवे. दंड जरूर करा. त्याबरोबर दोन अंडरपासच्या मध्ये पायी माणसाला आणि सायकल-स्कुटरीला एखादा बोगदा काढून द्या. आठ रॅम्पांच्या मानाने तो किती स्वस्त पडेल!

सूनबाई आता हायवेवर एकट्या जातात. गेल्या भाऊबिजेला आम्ही सगळे त्यांच्याच गाडीतून कोथरूडला गेलो. परत येताना अंधार पडला होता, पाऊस भुरभुरत होता, आणि वाकडच्या पुढे सर्व्हिस रोडला उतरायच्या तोंडाशी एक मोठी मालमोटार आडवी आली. उतरता आले नाही. आमची इमारत उजवीकडे आकाशकंदिलांनी लखलखत मागे गेली. मागून माझी धाकटी बहीण, जी चार दिवस राहायला आमच्याबरोबर येत होती, ओरडली, "दादा, अरे तुझं घर गेलं ना!" सौ. म्हणाल्या, "जाऊ दे हो, घर कुठं पळतंय." सूनबाई काही बोलल्या नाहीत. इंडिकेटर बंद करून त्या सरळ पुढच्या वाटेने निघाल्या, पुनावळ्याला उतरल्या आणि खालून वळल्या. बारा मिनिटे जास्त लागली, तेवढ्यात बहिणीने डब्यातल्या चकल्या संपविल्या.

त्या उतरायच्या तोंडाशी एक पाटी आहे. ती झाडाच्या फांदीआड गेली होती. मी संबंधित कार्यालयाला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्या पत्रानंतर माणसे आली, फांदी छाटली, पाटी पुसून लखलखीत केली. आठ दिवस ती दोनशे मीटरवरून स्वच्छ वाचता येत होती. नवव्या दिवशी तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक बांधला गेला. चौथे पत्र लिहून तयार आहे, दिवाळीच्या सुट्या संपल्या की टाकीन.